रिकाम्या वर्गातला साखरपुडा

कोरियातल्या ज्या सरकारी प्राथमिक शाळेत मी इंग्रजी शिकवतो, तिथे हिवाळ्याच्या सुट्टीत मुलं घरी असतात, कोरियन शिक्षकही घरी असतात आणि मी मात्र खुर्चीवर असतो. करारात रोजचे आठ तास आहेत, ते भरायचेच. काल कंटाळून मी रिकाम्या बाकांना सिंहाचा आवाज काढून गोष्ट सांगितली. बाकं फारच शिस्तीची निघाली.

आज साताऱ्यात लेकीचा साखरपुडा. रजा तिच्या लग्नासाठी राखलेली. निदान खोलीवर बसून मोबाईलवर निवांत बघावा, म्हणून सहशिक्षिकेला फोन केला.

"मॅडम, शाळेत चिटपाखरू नाही. दोन तास आधी जाऊ का?"

"सर, करार आहे ना."

"मग मी इथे करू काय?"

"बसा," त्या ओशाळून म्हणाल्या.

बसलो. कामाचा शीण झोपेने जातो, नुसत्या हजेरीचा जात नाही. आणि जिथे खरोखर हजर असायला हवं, तिथे आपण वीतभर पडद्याएवढेच असतो.

"बाबा, ओव्हरकोट कशाला?" मोबाईलमधून लेक हसली.

"अगं, समारंभ आहे!" हीटर बंद असल्याचं मी सांगितलं नाही.

तेवढ्यात शाळेचा म्हातारा शिपाई दारात थबकला. पडद्यावरची नटलेली मुलगी पाहून त्याने माझ्याकडे बोट केलं, "तुमची?" मी मान हलवली. त्याने टोपी काढली आणि मोबाईलपुढे कमरेत वाकून नमस्कार केला. तिकडे सगळ्या मांडवाने हात जोडले.

"हे मुख्याध्यापक का?" व्याह्यांनी आदराने विचारलं.

"हो," मी म्हणालो.