तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट

आमच्या शेडमध्ये एक गाडी चार वर्षं जागची हलली नव्हती. बॉनेट उघडं, इंजिनावर माझं जुनं पातळ टाकलेलं. मालक गेले तेव्हा काम अर्ध्यावर होतं, ते तसंच राहिलं. मालक म्हणजे माझा नवरा. ओतूरच्या बाहेर, जुन्नरच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात ही एक गाडी मातीवरच्या शर्यतीसाठी तयार करायची, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं.

मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला.

"आई, एक तारखेपासून शेड पशुखाद्याच्या दुकानाला भाड्याने दिलीय. त्याच्या आधीच्या शनिवारी भंगारवाला येईल, गाडी नेईल."

"ती भंगार न्हाई."

"चालू होते का?"

"न्हाई."

"मग भंगारच झाली ना."

त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. फोन ठेवला आणि बाजारात शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ इथलाच. मालक गाडी तयार करायचे आणि शेठ ती पळवायचा. त्याला म्हटलं, गाडी घेऊन जा.

"मावशी, चालू करून द्या, त्याच दिवशी नेतो. बंद गाडी घेऊन काय तिची आरती करू? दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकली तर तो आधी मालकांना नावं ठेवंल, मग पाना हातात घेईल."

"मी करते चालू."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. एवढंच म्हणाला, "आन् गुडघ्यांचं काय?"

"टॅपेट हातानं बसवत्यात. गुडघ्यानं न्हाई."

माझ्याकडे दहा दिवस होते. दहा दिवसांत इंजिन चालू झालं तर गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडणार, नाही झालं तर टेम्पोत, किलोच्या भावाने.

माझं शिक्षण चौथी. माहेर डिंभ्याकडचं, तिथे आमच्या वेळी तेवढीच शाळा होती. पण गॅरेजात पोरं टिकायची नाहीत, मालकांची जीभ फार वाईट. मग मीच बॅटरी धरायची, पाना द्यायची. छत्तीस वर्षं धरली. पुढे पुढे बारीक कामं मीच करायची, कारण माझी बोटं बारीक.

टॅपेट ही पोलादाची वाटी असते, चहाच्या कपाच्या बुडाएवढी. वर कॅम, म्हणजे उंचवटे असलेला दांडा फिरतो, तो वाटीला दाबतो आणि वाटी खालच्या व्हॉल्व्हची झडप उघडते. या इंजिनात अशा सोळा वाट्या. कंपनीकडून आल्या त्या हायड्रॉलिक होत्या, म्हणजे आत तेल भरून कॅम आणि वाटीमधला गॅप आपोआप भरून काढणाऱ्या. घरच्या गाडीला त्या उत्तम. पण शर्यतीत इंजिन जोरात फिरलं की आतल्या तेलाला फेस येतो, व्हॉल्व्ह धड मिटत नाही आणि गाडी ऐन चढाला दम सोडते. म्हणून मालकांनी भरीव टॅपेट मागवले. त्यांच्यात तेल नसतं. आतून एक पोलादी चकती बसते आणि चकतीच्या जाडीवर गॅप ठरतो. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले वीस भाग हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या व्हॉल्व्हला आणि तीस धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या. एक्झॉस्ट जास्त तापतो, जास्त वाढतो, म्हणून त्याला जागा जास्त.

मालकांनी सोळाही जागा मोजून प्रत्येकीची चकती निवडली होती. लिहून ठेवायची सवय नव्हती. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये चार ओळी, ओळीत चार वाट्या, प्रत्येक वाटीत तिची चकती. जी चकती ज्या खळग्यात, ती इंजिनात त्याच जागेची. ट्रे हीच त्यांची वही. एवढं करून ते जेवायला घरात आले आणि पुन्हा शेडमध्ये गेले नाहीत.

आता माझी चूक सांगते. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ते गेल्यानंतर पहिलीच खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. मी सगळे पाने धुतले, पाटावर मांडले, हळदकुंकवाची बोटं लावली. ट्रेसुद्धा घेतला. सोळा वाट्या, सोळा चकत्या काढल्या, रॉकेलने धुतल्या, पुसल्या, पाटावर गोल मांडल्या. छान दिसत होत्या. संध्याकाळी उचलून ट्रेमध्ये ठेवल्या. कुठली कुठे, ते बघितलं नाही. छत्तीस वर्षं त्या कामात काढलेल्या बाईने असं करावं! दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला शेडबाहेर काढलं असतं. वहीचं पान न् पान फाडून पुन्हा भलतंच शिवून ठेवलं होतं मी.

त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात. सोळा वाट्या होत्या तशाच बसवल्या, वर दोन्ही कॅम ठेवले. त्यांना धरून ठेवणाऱ्या कॅपा मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोड्या थोड्या करत आवळायच्या. एकदम एका बाजूने आवळलं तर कॅम मोडतो. मग फिलर गेजची ठरावीक जाडीची पाती घालून गॅप बघायचा. कुठे साठ, कुठे पाती शिरतच नाही. सोळा आकडे पोराच्या जुन्या वहीत लिहिले. कॅम पुन्हा काढला. प्रत्येक चकती मायक्रोमीटरने मोजली. चकतीची जाडी अधिक आत्ताचा गॅप, वजा पाहिजे तो गॅप, म्हणजे त्या जागेला लागणारी जाडी. बेरीज-वजाबाकीला चौथी पुरते.

सकाळी पोळ्या करून शेडमध्ये जायची ती ऊन उतरेपर्यंत. दिवसभरात एक शब्द तोंडातून निघायचा नाही. रस्त्यावरून एसट्या जायच्या. पूर्वी मालक दर पाच मिनिटांनी ओरडायचे, "बॅटरी नीट धर, तुझं ध्यान कुठंय!" आता बॅटरी मी दोरीने बॉनेटला टांगली होती. ती नीट राहायची.

सातव्या दिवशी जाडी आणि जागा जुळायला लागल्या. ही पहिल्या सिलिंडरची, ही चौथ्याची. एकेक चकती घरी परत गेल्यासारखी बसत होती. पंधरा बसल्या. मालकांचं मोजमाप किती चोख होतं ते तेव्हा कळलं. एकाही ठिकाणी केसाचा फरक नाही. राहिली एक जागा, तिसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट, आणि राहिली एक चकती. ती बसवून मोजलं. गॅप वीस आला.

मी तीनदा मोजलं. वीसच. तिथे तीस पाहिजे. मालकांनी त्या एका एक्झॉस्टला इनटेकचा गॅप दिला होता. गाडी अशीच पळवली असती तर तापल्यावर तो व्हॉल्व्ह मिटला नसता आणि जळला असता.

छत्तीस वर्षांत त्या माणसाने एक चूक कबूल केली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर माझी चूक, नट तुटला तर कंपनीची. आज त्यांची चूक माझ्या हातात होती, मायक्रोमीटरवर मोजलेली, पक्की, आणि तोंडावर सांगायला ते नव्हते. मी स्टुलावर बसून राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाही. त्यांची आठवण चार वर्षं येत होतीच, पण इतका राग आला नव्हता.

मग उठले. नवी चकती मागवायला दिवस नव्हते. काचेवर तेलदगड ठेवून तीच घासायला घेतली. दहा भाग कमी करायचे होते. कडक पोलाद. इंग्रजी आठचा आकडा काढत घासायचं, चार बाजूंनी मोजायचं, पुन्हा घासायचं. दोन दिवस त्यात गेले. बोटांची कातडी गेली. गॅप तीस आला.

शनिवारी सकाळी शेठ गाडीची नवी बॅटरी घेऊन आला. आधी प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं, सगळीकडे तेल पोहोचू दिलं. मग प्लग लावले. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा चालू झाली. शेठने कान दिला.

"मावशी, टकटक येतीय बघा."

"येऊ द्या. भरीव टॅपेट हाय, बोलणारच. मुका झाला म्हंजी व्हॉल्व्ह जळाया लागला असं समजा."

"मालक असंच म्हणायचे."

"मालकांनी तिसऱ्या सिलिंडरला गॅप चुकीचा दिला व्हता. एक्झॉस्टला वीस."

"मालकांनी?" शेठ हसला. "कायतरीच काय, मावशी. त्यांची चूक व्हायची न्हाई. तुमच्या मोजण्यात आलं असंल."

वही दाखवली असती, पण त्याला त्यातलं कळत नाही.

तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला. मुलाला मी काही सांगितलंच नव्हतं आणि याला नको म्हणून कळवायचं विसरले. त्याच्या समोरून गाडी शेडबाहेर पडली. दुसरा गिअर, तिसरा गिअर, मग एसटीचा हॉर्न, मग काही नाही.

"आज्जे, मग मी काय नेऊ?" भंगारवाला म्हणाला. जुने सोळा हायड्रॉलिक टॅपेट डब्यात होते, ते त्याला दिले.

दुपारी मुलाचा फोन आला. "गेली का गाडी?"

"गेली."

"टेम्पोत नीट बसली?"

"टेम्पोत न्हाई. चालू व्हऊन गेली. शेठने नेली."

"चालू कुणी केली?"

"मी."

मला वाटलं आता विचारील, कशी केली. मी सांगायला तयार होते, चकतीचं, वीस-तीसचं सगळं.

"बरं," तो म्हणाला, "मग शेड झाडून ठेव. ते लोक सोमवारी येणारेत."

शेड झाडली. तेलाचा डाग निघाला नाही, त्यावर लाकडाचा भुसा टाकला. पाने मुलाच्या नावाने पेटीत भरले. अंड्यांचा ट्रे तेवढा घरात आणून फडताळावर ठेवला. मी अंडी खात नाही. तो कशाला आणला, हे विचारायला कोणी नव्हतं.