ध्यानाची गादी आणि सातची बस

आमच्या मास्तरची गोठ सांगाची म्हणजे पहिले बसची सांगा लागते.

दोन वर्षांआधी, धान कापाच्या दिवसांत, सकाळी सकाळी मी आन् हे दोघंच वावरात होतो. हे म्हणजे गुणवंतराव, माहे मालक. तीस वर्षं तालुक्याच्या शाळंत विज्ञान शिकवून रिटायर झाले. समदं गाव मास्तर म्हणते, म्हणून मीबी मास्तरच म्हणतो. वावर आमचं सिंदेवाहीच्या रोडाले लागून, मागं जंगल. मी डोस्क्यावर भारा घेऊन उभी, आन् समोर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, वाघ! मास्तर ओरडले, "वाघ!" आन् जे पळाले ना बाप्पा! रोडावर सातची बस येऊन राह्यली होती. यायनं हात दाखवला, चढले, तिकीट काढलं. सिंदेवाहीले उतरले तवा याद आली का बायको वावरातच राह्यली.

वाघानं माह्याकडं पाह्यलं, म्या वाघाकडं पाह्यलं. मंग तो नाल्याकडं निंघून गेला. गावात म्या सांगतलं का मी वाघाच्या डोळ्यात डोळे घालून उभी राह्यली. ते तिकीट यायच्या शर्टाच्या खिशात भेटलं, तं म्या ते देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याले टोचून ठेवलं. मंग काय, मांजर कुदली का मी म्हणाची, "मास्तर, तिकीट काढा." कोनी पाहुणा आला का तिकीट दाखवाची. लोकं पोट धरून हासत. हेबी हासत, पण त्या दिवसापासून वावरात पाय नाई ठेवला यायनं. घरी पाल चुकचुकली तरी दचकत.

दोन वर्षं वावर मी एकटीनं पाह्यलं. मंग पोरगा प्रफुल, तो वरोऱ्याले नोकरीवर हाय, त्यानं फोन केला. "आई, बाबा येत नाई, तू एकटी जातं, एखाद्या दिवशी वाघ उचलून नेईन. विकून टाकू. आरमोरीचे अकरमसेठ घ्याले तयार हायेत. दोन हप्त्यांनी गुरुवारी नऊ वाजता मी त्याईले घेऊन येतो." पस्तीस वर्षं त्या चिखलात म्या धानाचं रोवणं केलं. प्रफुल पाळण्यात होता तवा त्याचा पाळणा तिथल्याच झाडाले बांधत होतो. रात्री मी रडली, आन् सकाळी समदा राग यायच्यावर काढला. "तुमच्या एका तिकिटापाई वावर चाललं!"

दुसऱ्या दिवशी मास्तरनं पिशवी भरली. "दहा दिवस शिबिराले जातो. बुद्धविहारात. ध्यानाचं शिबिर हाय."

"वाघ तिथी येनार नाई म्हणून काय?"

गेले. दहा दिवस बोलाचं नाई, फोन नाई, नुसतं श्वासाकडं पाहाचं. तीस वर्षं पोट्ट्याईवर ओरडलेला मानूस चूप कसा राह्यला असन, मले तं समजलंच नाई. घरात मात्र मस्त शांती होती, खोटं काऊन बोलू?

वापस आले ते बुधवारी. आन् दहा दिवसांचं तुंबलेलं एका टायमाले बाहेर निंघालं. मी भाकरी थापून राह्यली, आन् हे चुलीपाशी बसून शिकवून राह्यले.

"रंभा, आपले पूर्वज कोण, सांग. झाडीत खसखस झाली का पळणारे! 'वारा असन' म्हणून जे बसून राह्यले त्याईले वाघानं खाल्लं. त्याईले लेकरं झालेच नाई. आपण समदे पळणाऱ्याईचे नातू. शंभरदा खोटा वाघ दिसला तरी चालते, पण खरा एकदा नाई दिसला तं वंश बंद. म्हणून उत्क्रांतीनं आपलं मन घाबराले बनवलं, सुखानं बसाले नाई बनवलं. आन् बुद्धानं अडीच हजार वर्षांआधी डोळे मिटून हेच पाह्यलं. भीती येते, थांबते, जाते. तिच्यामागं धावाच लागते असं नाई."

"म्हणजे तुमी पळाले तं चूक पूर्वजाईची?"

"तसं नाई म्हणत मी."

"मंग ते तिकीट कोनाच्या नावानं फाडलं? पूर्वजाईच्या?"

एरवी हासले असते. तवा हासले नाई. म्हणाले, "पळाची उबळ पूर्वजाईची हाय, रंभा. पण तुले सोडून पळालो, तो मी. डोळे मिटले का दहा दिवस मले तेच दिसत होतं. उद्या अकरमसेठ याच्या आधी मी वावरात एक घंटा बसून दाखवतो. बसलो, तं विकाचं नाई."

पण मी कायची चूप राह्यतो! म्हटलं, "मांडी घालून बसान खरं, पण टोंगळे दुखन."

म्हणून गादी शिवाले बसली. एक रिकामं पोतं होतं, त्यात धानाची सुकी तनस भरली, तोंड शिवलं, झाली गादी. आता तुमीच सांगा, माही चूक काय? त्या पोत्यात उन्हाळाभर मोहफुलं भरलेले होते. पण आमच्याकडं चैत-वैशाखात अंगनात मोहफुलं, घरात मोहफुलं, लुगड्याले बी तोच वास. आमच्या नाकाले तो वास येतच नाई. मले कोनाच्या नाकाची याद राहीन?

गुरुवारी साडेसहाले वावरात पोचलो. मास्तरनं मधातल्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, गादी टाकली, मांडी घातली, डोळे मिटले. मी चाळीसक पावलं दूर, रोडाकडच्या धुऱ्यावरचे काटे उचलून राह्यली. अर्धा घंटा झाला. चिमणी उडाली तरी हे दचकले नाई. मले आतून गार गार वाटलं. म्हटलं, वावर वाचलं.

आन् नाल्यातून अस्वल निंघालं.

काळंभोर, नाक वर करून वास घेत, सरळ मास्तरकडं! त्याले मास्तरचं काई घेनं-देनं नोहतं, त्याले गादीच्या पोत्यातला मोहफुलाचा वास आला होता, अस्वलाले त्याचं भारी येड. म्या तोंड उघडलं, आवाजच निंघाला नाई. फुसफुस, फुसफुस करत ते धा पावलांवर आलं. आन् हा मानूस डोळे मिटून सोताशीच बोलून राह्यला, "आवाज... आवाज... भीती... भीती..."

अजी डोळे उघडा ना! पण हे म्या मनातल्या मनातच म्हटलं. माहे पाय मले न इचारता रोडाकडं सुटले होते. एक चप्पल चिखलात फसली. रोडावर सातची बस आली, म्या हात दाखवला, पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, "कुठी जाचं, बाई?"

आन् माह्या तोंडातून निंघालं, "सिंदेवाही."

तो शब्द माह्याच कानानं आयकला. मागं फिरून पाह्यलं. मास्तरनं डोळे उघडले होते. हळू उठले. पाठ नाई फिरवली. अस्वलाकडं तोंड करून एक पाऊल मागं, मंग दुसरं, जशी घाई कायचीच नाई. अस्वलानं गादी धरली, टराटरा फाडली, तनस उधळली, आन् पोत्याचा तुकडा तोंडात धरून नाल्याकडं निंघून गेलं.

बसमधले समदे खिडकीले चिकटले होते. मास्तर रोडावर आले. चेहरा पांढराफट. हातात माही चप्पल. मी खाली उतरली आन् वाट पाहत उभी राह्यली, का आता म्हणतील, तिकिटाचं म्हणतील. म्हणालेच पाह्यजे होतं. दोन वर्षं म्या सोडलं नोहतं त्याईले.

यायनं खाली वाकून चप्पल माह्या पायापाशी ठेवली. म्हणाले, "काटा-बिटा तं नाई लागला ना?"

मी रोडावरच ढसाढसा रडली. कंडक्टरची बी लाज नाई वाटली. "अजी, मी त्या टायमालेबी शूर नोहती. वाघ पाहून पायच उचलत नोहते माहे, म्हणून उभी राह्यली. गावाले खोटं सांगतलं."

"मालूम हाय," मास्तर म्हणाले. "काई जनावरं पळते, काई थिजते. दोनीबी वाचले, म्हणून आपण हाओत." मंग म्हणाले, "चुकलो मीबी. भीती खोटीच असन म्हणून डोळे मिटून बसलो. पहिले डोळे उघडून पाहा लागते."

"मंग पळाले काऊन नाई?"

"पाय म्हणे, पळ. मले आयकू आलं ते. पण अस्वलापुढं पळाचं नसते, हे मीच शाळंत शिकवलं होतं. तेबी याद आलं."

नऊ वाजता प्रफुल अकरमसेठले घेऊन वावरात आला. अकरमसेठनं बांधीभर पसरलेली तनस पाह्यली. "भाभी, ये क्या हुआ?"

"अस्वल येऊन गेलं. वावर विकाचं नाई. घरी चहा प्या आन् जा."

प्रफुल माह्याशी भांडाले लागला. म्हटलं, "तुह्या बापाले बसाले जागा लागते. मले बी लागन."

घरी आल्यावर म्या खिळ्यावरचं तिकीट काढलं आन् चुलीत टाकलं. मास्तर पाहत होते. मंग म्या दोन गाद्या शिवाले दोन पोते काढले. तीनदा उकळत्या पान्यानं धुतले, नाक लावून हुंगले, आन् आमच्या नाकाचा भरोसा नाई म्हणून प्रफुललेबी हुंगाले लावले.