झोपलेलं सँडविच

बीबी गावाहून सकाळी साखरखेर्ड्यावरून शेगावला जाणाऱ्या एस.टी.वर दयाराम कंडक्टर होता. तिकिटं फाडून झाली तरी तो सीटवर टेकत नसे. दारातला दांडा धरून उभा राही आणि हातातला तिकिटं टोचायचा पंच उगीच टिकटिक वाजवत राही. घरची भाजीपाल्याची शेती होती, पण वाफ्यात बसून मेथी खुडणं जमेना म्हणून तो एस.टी.त आला, असं त्याची बायको तानाबाई सांगे.

चौसष्ट साली शेगावच्या स्टँडवर दर्शनाला आलेल्या एका नागपूरच्या गृहस्थाने त्याला आपल्या डब्यातलं काही खायला दिलं. डबलरोटीच्या दोन कापांत लोणी आणि काकडी.

“याले काय म्हंतात साहेब?”

“सँडविच.”

दयारामने उभ्याउभ्याच खाल्लं. “चांगलं हाये,” तो म्हणाला, “पण झोपेल हाये. याले उठवा लागते.”

दुसऱ्याच दिवशी त्याने स्टेशनाजवळून डबलरोटी घेतली आणि तिळाची चटणी घालून पाहिली. मग मीठमिरची लावलेला पेरू. मग गरम कचोरी. एक जमलं की तेवढ्यावर भागत नसे. घास तोंडात असतानाच तो पुढचं ठरवी. चाखायची पाळी ड्रायव्हर पुंजाजींवर येई. पुंजाजी शांत माणूस. गाडी चालवावी आणि दुपारी झाडाखाली पडावं, एवढंच त्यांचं मागणं. सीताफळाच्या सँडविचमधल्या बिया थुंकून झाल्यावर त्यांनी हात जोडले. “दयाराम, आता मले सोड बाप्पा.”

इकडे तानाबाईने दिलेली भाकर डब्यात जशीच्या तशी घरी येऊ लागली.

“माह्या भाकरीत काय खोट हाये?” तिने एकदा विचारलं.

“खोट नाही वं. रोजचीच हाये ना, म्हून.”

तिने डबा घासून फळीवर पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. घरात कामापुरतं बोलणं उरलं. दयारामला आता डबलरोटी खायला कुणाची आडकाठी नव्हती, पण काहीही घातलं तरी तो अर्धं टाकून देऊ लागला. साखरखेर्ड्याला उतरणाऱ्याला शेगावचं तिकीट फाडू लागला.

असे तीन आठवडे गेले. माघात तानाबाई सासूला, मंजुळाबाईला, घेऊन दर्शनासाठी त्याच्याच गाडीत चढली. “शेगाव, दोन,” नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली. त्यानेही मुकाट्याने तिकिटं दिली.

साखरखेर्डा मागे पडला आणि गाडी बंद पडली. पुंजाजी गाडीखाली शिरले. माणसं कडुलिंबाखाली बसली. उन्हं चढली. दयाराम गाडीपासून लिंबापर्यंत आणि लिंबापासून गाडीपर्यंत फेऱ्या घालत होता. शेवटी त्याने झोळीतली कालची डबलरोटी काढली आणि तिच्यात केळं कुस्करून वर पापड चुरायला लागला.

तानाबाईने थोडा वेळ पाहिलं. मग तिला राहवेना.

“आना इकडं.”

तिने गाठोडं सोडलं. डबलरोटीच्या कोऱ्या कापावर ठेचा लावला, त्यावर वांग्याचं भरीत, वर कांदा. मग तव्यावर कडक करून आणलेली भाकर मोडून तिचा तुकडा मधोमध ठेवला आणि वरून दुसरा काप दाबला.

दयारामने घास घेतला. आधी मऊ लागलं, मग भाकर कुडुम वाजली, मग ठेचा नाकात चढला. डोळे पुसत त्याने विचारलं, “आणखी हाये काय?”

“भाकरच हाये,” ती म्हणाली. “रोजचीच.”

तो खाली मान घालून म्हणाला, “चुकलो मी.”

मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसली. काळ्या हातांनी बाहेर आलेल्या पुंजाजींना तानाबाईने घास भरवला. त्यांनी चावून झाल्यावर, न मागता, आणखी एकासाठी तोंड उघडलं. तासाभराने दुसरी गाडी आली आणि सगळे शेगावला पोचले.

डबा पुन्हा सुरू झाला. दयाराम चार दिवस तेच खात राहिला. पाचव्या दिवशी त्याने त्यात गूळ घातला. तानाबाई या वेळी चिडली नाही. तिने चव घेतली, जरा विचार केला.

“दही घालून पाह्यलं काय?”

“रोटी भिजते ना वं.”

“मंग पानी काढून घालू.”

तिने दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं, आणि संध्याकाळपर्यंत हातातलं काम टाकून तीनदा ते दाबून पाहून आली.