माझ्या पोटाचं कातडं

पोट दाबून पाहून झाल्यावर बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, "हर्निया आहे. ऑपरेशन लागेल, पण या वजनात मी हात लावणार नाही. पंचवीस-तीस किलो उतरवा, मग या. आत्ता शिवलं तर टाके धरायचे नाहीत." धाकट्याच्या वेळी माझं सिझर झालं होतं. त्याच जागी पोट आतून फाटलं होतं आणि खोकलं की मुठीएवढा गोळा वर यायचा, आडवं पडलं की आत जायचा. "आत गेलाच नाही आणि दुखायला लागलं, तर अजिबात थांबू नका," एवढं बजावून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

एसटी घाट उतरत होती तेव्हा मी खरं तर जिवाचा विचार करायला हवा होता. पण डोक्यात एकच किडा वळवळत होता. तीस किलो गेले तर एवढं कातडं कुठे जाणार? दंडाचं, मांड्यांचं, पोटाचं? ते तर माझ्याजवळच राहणार, लोंबत. आतडं अडकून मरायची वेळ आली तरी बाईला लोंबणाऱ्या दंडाची पडली आहे, म्हणून मला माझाच इतका राग आला की खिडकी लावू का विचारणाऱ्या शेजारच्या सीटवरच्या बाईवर मी उगाच खेकसले.

घरी आल्यावर मोबाईल घेऊन बसले. वजन कमी केलेल्या बायका आपल्या पोटाचं कातडं दोन्ही हातांनी धरून दाखवत होत्या, ओली चादर पिळायला धरावी तसं. कोणी कोरफड लावा म्हणे, कोणी तिळाचं तेल जिरवा, कोणी भरपूर पाणी प्या. आणि शेवटी सगळ्यांचं म्हणणं एकच, की काहींचं बसतं, काहींचं बसत नाही. एवढंच सांगायचं होतं तर अर्धा तास कशाला बडबडला रे बाबांनो?

कातडीचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी माझ्यासारखं अंग घेऊन जगून दाखवावं. मी शाळेत होते तेव्हापासून जाडी आहे. बाकावर माझ्याशेजारी तिसरी मुलगी बसवत नसत. माझ्या लग्नात कासारीण बांगड्या भरताना माझा हात पाण्यात बुडवून, साबण लावून, घामाघूम झाली आणि मांडवातल्या बायकांनी ती गंमत पाहायला गर्दी केली. पंगतीत मी दुसरी पोळी घेतली तरी चार डोळे माझ्या ताटात. हे सगळं मी हसून सोसलं, कारण मनात एक हिशेब पक्का होता. कधीतरी मी हे अंग उतरवीन आणि आतून सडपातळ, नीटस बाई निघेल. इतकी वर्षं ऐकून घेतल्याची भरपाई मला मिळेल. आता कळलं की तशी कोणी बाई आत बसलेलीच नव्हती. जे निघेल ते मीच, फक्त सुटलेली. मग राग येणार नाही तर काय होणार?

तरी सुरुवात केली. सुरुवात म्हणजे आधी वजन. आमचं धामणगाव बढेला भुसार खरेदीचं दुकान आहे, सोयाबीन, मका, हरभरा. माझं वजन नीट दाखवील असा काटा गावात तोच. सकाळी, दुकानात कोणी नसेल तेव्हा मोजू, असं नवऱ्याशी ठरवलं होतं. पण ते सोयाबीनचे दिवस. मी पोहोचले तोवर एक शेतकरी माल घेऊन हजर, दोन हमाल पोती उतरवत होते. परत जावं असं वाटलं. पण नवरा म्हणाला, "चढ लवकर, ह्यायचा माल मोजाचा आहे." चढले. आणि तेव्हा लक्षात आलं की या काट्याचे लाल आकडे आतल्या बाजूला नसतात. शेतकऱ्याला दिसावेत म्हणून ते रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले असतात. एकशे आठ किलो सगळ्या रस्त्याने वाचले.

"एकशे नऊ धर," नवरा म्हणाला. "बारदान्याचा एक किलो हा काटा आपोआप कापते." धान्याच्या रिकाम्या पोत्याला आमच्याकडे बारदाना म्हणतात. माल मोजताना त्याचं वजन वजा करतात, ते काट्यात आधीच भरून ठेवलेलं होतं. माझ्यातूनही एक पोतं वजा झालं होतं.

तेवढ्यात मला बुद्धी सुचली. आवाज खाली घेऊन मी त्याला विचारलं, "वजन उतरलं की कातडं लोंबते म्हणतात. तुमाले काय वाटते?" महिनाभर ज्या गोष्टीने झोप उडाली होती ती मी पहिल्यांदा कोणापुढे बोलत होते. आणि हा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग काय! माल जाईन अन् बारदाना राहीन!"

हमाल हसले. शेतकऱ्याने मान फिरवली, पण त्याचेही खांदे हलत होते. मी गोळा हाताने दाबत काट्यावरून उतरले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. आजही त्या न निघालेल्या शब्दांचा मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त राग येतो. बरं, बारदान्याची या माणसाला किंमत किती म्हणाल? एक पोतं फाटलं तर हमालाच्या अंगावर धावून जातो. दाभण-सुतळी देऊन बसल्या जागी शिवून घेतो. शेतकऱ्याकडे एखादं रिकामं पोतं राहिलं तर दोनदा फोन करतो. आणि बायकोचं कातडं म्हणजे टाकाऊ माल!

ते बोलणं दुकानातून चक्कीवर पोहोचायला एक दिवस पुरला. मी दळण घेऊन गेले तर एकीने तोंडाला पदर लावून विचारलं, "काऊन वं, भाऊजी बारदाना म्हणले म्हणे तुले?" माझी मोठी जाऊ, जी पंचवीस वर्षं माझ्यासाठी "दोन खुर्च्या द्या वं हिले" म्हणत आली, ती घरी येऊन समजूत घालू लागली, "राहू दे वं माय. भरल्या अंगाची बाई शोभते. तू वाळली तं लोक म्हणतीन, यायचा धंदा बसला का हिले साखरेची बिमारी लागली?" म्हणजे जाडी होते तेव्हा हसायचं आणि बारीक व्हायला निघाले की घाबरवायचं. यांना मी नेमकी केवढी हवी होते, ते कोणी एकदा सांगून टाकायला हवं होतं.

आणि मी काय केलं? सगळं सोडून दिलं. नुकतं सुरू केलेलं चालणं बंद, भाकरी मोजणं बंद. पोळीवर तूप घेऊन रागाने खाल्लं. कोणावरचा राग कोणाला भोवणार होता ते कळत होतं, तरी खाल्लं.

हरभऱ्याच्या दिवसांत मी नवऱ्याचा डबा घेऊन दुकानात गेले होते. पाण्याची कॅन सरकवायला वाकले आणि गोळा वर आला तो दगडासारखा कडक झाला. आत जाईना. पोटात अशी कळ उठली की मी जवळच्या पोत्यांच्या थप्पीवर उताणी पडले. उलटी होईल असं वाटत होतं. नवऱ्याने हमालांना बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं आणि माझ्या डोक्याजवळ उभा राहून नुसता "काय करू, काय करू" म्हणत राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत गोळा हळूहळू मऊ झाला आणि कसाबसा आत गेला. बुलढाण्याला डॉक्टरांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी तो आत जाईलच असं नाही.

मरण असं शेजारी येऊन बसलं की बाकीच्या काळज्या पळून जातात, असं लोक सांगतात. साफ खोटं. संध्याकाळी दुखणं थांबलं आणि कातडीची काळजी पहिल्यासारखी हजर झाली. फरक एवढाच, की आता मी तिच्यासकट चालायला लागले. हिंमत आली म्हणून नाही, संतापाने. रोज पहाटे मोताळ्याच्या रस्त्याने निघायचं. रोज कोणीतरी मोटरसायकल थांबवून विचारायचं, "वहिनी, सोडू का पुढं?" नको म्हटलं की, "पाय दुखतीन न." माझ्या पायांची एवढी चिंता आधी कोणाला नव्हती. साखरेचा चहा सोडला, तळण सोडलं, एका भाकरीवर उठायला शिकले. उठताना भूक तशीच असायची आणि समोर जो दिसेल त्याच्यावर मी वसकायचे. त्या दिवसांत घरात माझ्याशी कोणी फार बोलत नसे.

वजन उतरलं आणि जे येणार होतं ते आलं. आधी दंडाला, मग मांड्यांना, मग पोटाला. तिळाचं तेल रोज चोळलं. त्याने चादरी तेलकट झाल्या, बाकी काही झालं नाही. पोटाची घडी खाली उतरली, तिच्याखाली घाम साचून कातडं सोलवटायचं. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून मी त्या घडीत ठेवायचे आणि चालायला जायचे. आंघोळीला बसले की दोन्ही हातांनी ते कातडं उचलून पाहायचे. मोबाईलमधल्या बायकांसारखंच दिसायचं. रडू यायचं, आणि रडले की पुन्हा राग.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरात बायका भरल्या होत्या. मी पुरणपोळी अर्धीच घेतली, त्यावरून आधी एक बोलणं झालं. मग मी वाढायला वाकले तेव्हा जावेने माझा दंड धरला, सगळ्यांसमोर हलवून दाखवला आणि म्हणाली, "पाहा वं, कसं लोंबाले लागलं! म्हणलं होतं नं मी?"

बायका हसल्या. मी भाजीचं भांडं खाली ठेवलं. "लोंबू द्या, जाऊबाई," मी म्हटलं. "तुमच्या अंगावर तं नाही न लोंबून राह्यलं?" जावेने माझ्याशी बोलणं टाकलं. बरंच झालं, तेवढीच शांतता.

दिवाळीनंतर बुलढाण्याला गेलो तेव्हा अठ्ठावीस किलो उतरले होते. आमच्या दुकानाच्या काट्यावर नाही, डॉक्टरांच्या काट्यावर. नवरा सोबत होता. डॉक्टर आकडा पाहून खूश झाले आणि नवऱ्याला म्हणाले, "छान! चांगलं करून घेतलंत यांच्याकडून." आणि नवऱ्याने ते घेतलं! मान खाली घालून, लाजल्यासारखं हसून, स्वतः मोताळ्यापर्यंत चालून आल्यासारखं घेतलं.

मला टेबलावर झोपवलं. साडी बाजूला, पोट उघडं. डॉक्टरांनी घडी चिमटीत धरून उचलली आणि माझ्या अंगावरून पलीकडे नवऱ्याकडे पाहत विचारलं, "कातडी बरीच सुटलीय. ऑपरेशनच्या वेळीच जास्तीची काढता येईल. चीर मोठी होईल, जखम भरायला वेळ लागेल. काय करायचं?"

"काढून टाका साहेब," नवरा म्हणाला. "कायले ठेवता?"

"ठीक आहे." डॉक्टर लिहायला वळले.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. ज्या कातडीपायी मी वर्षभर जळले, ती जाणार होती. पण ज्या पोटाला मी पट्ट्या लावल्या, तेल चोळलं, रोज पहाटे रस्त्यावर नेलं, त्याचा निकाल दोघांनी दोन वाक्यांत लावला, आणि मी मधे पडलेली, काट्यावरच्या पोत्यासारखी. मी साडी ओढून उठून बसले.

"डॉक्टरसाहेब, पोट माह्यं आहे. मले इचारा."

"अवं, तुलेच तं नको होतं नं ते?" नवरा गोंधळला. "मंग आता काय झालं?"

"तुम्ही बाहेर बसा."

तो डॉक्टरांकडे पाहू लागला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, तेव्हा गेला. मग डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी विचारलं, कातडी काढली नाही तर आतले टाके धरतील का? धरतील. काढली तर किती दिवस वाकता येणार नाही? दंडाचं काही होईल का? ते तसंच राहील, म्हणाले. नंतर पुन्हा वजन वाढलं तर? तर कठीण आहे, म्हणाले. अजून चार गोष्टी विचारल्या, ज्या मी इतके महिने मोबाईलला विचारत होते. माझा आवाज चढलेलाच होता, पण ते चिडले नाहीत. मग मी विचार केला आणि माझं म्हणणं सांगितलं.

बाहेर नवरा बाकावर बसला होता. मला पाहून घाईने उठला.

"काय ठरलं वं?"

"काढाचं."

"मंग तेच तं मी म्हणलो होतो!"

"तुम्ही म्हणले होते," मी म्हटलं. "आता मी म्हणलं."