निनवेचे तीन दिवस

सरगोन गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. त्याच्या बायकोने, नहरीनने, दोनच ओळी लिहिल्या होत्या. मी गाडी सरळ केली, हँडब्रेक ओढला, डबा उचलला आणि कामाला गेलो. रडूबिडू आलं नाही. परदेशात पंचवीस वर्षं काढल्यावर अशा बातम्यांनी आधी दमायलाच होतं… आई गेली, मग दादा गेला, दोन्ही वेळा पुण्यातलं सगळं फोनच्या स्क्रीनवर बघितलं. हा मात्र इथला, सिडनीतला, पाऊण तासावरचा माणूस. त्याच्याकडे जाता येत होतं, आणि शेवटचे तीन आठवडे मी गेलो नव्हतो. कामाचं फार आहे, असं घरी सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं, आणि ते कुणाला तरी सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात आम्ही अठरा वर्षं बरोबर काढली. मी ड्रॉइंग करायचो, तो वेल्डिंग करायचा, आणि माझ्या ड्रॉइंगमधल्या चुका वरपर्यंत पोचायच्या आत परस्पर निस्तरायचा. दहा वाजता स्मोको, म्हणजे इथली सकाळची चहाची सुट्टी. पहिल्याच आठवड्यात त्याने थर्मासमधला कोरा चहा कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवला. मी त्यात दूध घातलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. इराकमधून आलेला, पण कुणी अरब म्हटलेलं त्याला खपत नसे. "आय ॲम असिरियन, मेट," तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्या शाळेच्या इतिहासात तुम्ही लोक एका परिच्छेदात संपला होतात. "परीक्षेला तरी येत होतो का?" "कधीमधी. दोन मार्कांना." त्यावर तो इतका हसला, की बाकीचे वळून बघायला लागले. पुढे अठरा वर्षं त्याने मला ते दोन मार्क ऐकवले.

त्याच्या गॅरेजमध्ये भिंतीवर दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक क्रूस, आणि दुसरं एका दगडी प्राण्याचं चित्र… माणसाचं तोंड, बैलाचं अंग आणि पंख. असे बैल त्याच्या पूर्वजांच्या राजवाड्यांच्या दारांवर उभे असत. यातला नक्की देव कुठला, असं मी चेष्टेने विचारलं. "हा देव," तो क्रूसाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे आजोबा." आजोबा चंद्राला पूजायचे, इश्तार देवीला पूजायचे, हे तो जरा ओशाळून सांगायचा, घरातल्या दारुड्या काकाबद्दल सांगावं तसं. ख्रिस्तावाचून तारण नाही, हे त्याने मनापासून धरलेलं. त्यात सोडसवलत नव्हती. माझी आई गेली तेव्हा तीन संध्याकाळी तो क्वेकर्स हिलला आमच्या घरी येऊन नुसता बसला. तिसऱ्या दिवशी मीच चिडून विचारलं, "तुझ्या धर्माप्रमाणे माझी आई आता कुठे आहे रे?" तो बराच वेळ पेल्यात चमचा फिरवत राहिला. "खोटं बोलू?" मी नको म्हटलं. "मग विचारू नकोस." मला त्याचा भयंकर राग आला होता. दोन महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

गेल्या वर्षी त्याच्या यकृतात गाठ निघाली. जानेवारीत डॉक्टरांनी उपचार थांबवले, तेव्हा त्याने मला जवळ बसवून सांगितलं, "मिलिंद, बाप्तिस्मा घे." मी म्हटलं, "बघू." माझ्याकडून एवढा एकच मराठी शब्द तो पक्का शिकला होता. "बघू म्हणजे नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. "मी तिकडे पोचणार आणि तू नसणार. मग मी तिथे काय करू?" जे मानत नाही त्याच्यासाठी डोक्यावर पाणी घेणं मला जमणार नव्हतं, आणि मरायला टेकलेल्या माणसाशी वाद घालायची ताकदही नव्हती.

आठवड्याने त्याचाच फोन आला, आवाज एकदम टवटवीत. तोड सापडली होती. "आमचं निनवे शहर बुडणार, असं एक संदेष्टा ओरडत आला. लोकांनी उपास केला. राजा राखेत बसला. गुरांनासुद्धा चारा दिला नाही. आणि देवाने सोडलं सगळ्यांना! कोण होते ते? माझे आजोबा. त्यांचा कुठे बाप्तिस्मा झाला होता? ख्रिस्त यायला अजून शेकडो वर्षं होती." त्याच्या चर्चमध्ये त्या आठवणीचा तीन दिवसांचा उपास असतो, सोमवार ते बुधवार. "तू एवढे तीन दिवस कर. बाकीचं मी वर गेल्यावर बोलतो." फादरना विचारलंस का, म्हटलं. "त्यांना कशाला त्रास?" मी त्याला साबुदाण्याची खिचडी, रताळी, दाण्याची आमटी असा आमचा उपास समजावला. "हा उपास?" तो म्हणाला. "ही पार्टी आहे, मेट." त्याच्या उपासात दुपारी बारापर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि नंतरही दूध, अंडी, मांस बंद. त्याच्या गावाकडे हे थंडीत येतं. सिडनीत तोच फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, चाळीस डिग्री. मी हो म्हटलं.

सोमवार पार पडला. स्मोकोचा चहा चुकला की माझं डोकं ठणकतं, तसं ते संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो तर हा पडल्या पडल्या खूश. "दुखतंय ना? गुड, गुड!" मंगळवारी सकाळी एका ड्रॉइंगवरून फोनाफोनी चालली होती. दहाला उठलो, किटली लावली, मगात दूध घातलं आणि अर्धा चहा प्यायल्यावर लक्षात आलं… आमच्या घरी उपासाला चहा चालतोच. एकादशीला आईने सगळं सोडलं, चहा कधी सोडला नाही. माझ्या हाताला दुसरा उपास ठाऊकच नव्हता. मोडलाच आहे तर मोडला, म्हणून उरलेला अर्धाही प्यायलो. संध्याकाळी त्याने विचारलं, "आज कसं गेलं?" "मस्त." "डोकं?" "अजिबात नाही दुखलं." त्याने माझ्याकडे बघितलं, हातावर थोपटलं आणि डोळे मिटले. बुधवारी मी नीट पाळला. "तीन झाले?" त्याने विचारलं. "झाले," मी म्हटलं. माझ्या आईच्या बाबतीत माझ्याशी खोटं न बोललेल्या माणसाशी मी त्याच्या मरणाच्या दारात खोटं बोललो. त्यानंतर त्याला तोंड दाखवायची मला हिंमत झाली नाही.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर मी नहरीनच्या स्वयंपाकघरात बसलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. तिने चहा ओतायचं थांबवलं नाही. "त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "मंगळवारी तू गेल्यावर मला म्हणाला, स्मोको चुकला की याचं डोकं फुटतं, आज कसं नाही दुखलं?"

"मग मला बोलला का नाही?"

"गुरुवारी आमच्याकडे उपास सुटतो. सकाळी मी सूप घेऊन गेले, तर तोंड फिरवलं. गोळ्यांना पाणी घेईना. नर्स ओरडली, मी रडले. म्हणतो कसा, थांब, मिलिंदचा एक दिवस राहिलाय." तिने पेला माझ्यापुढे सरकवला. "बारा वाजेपर्यंत थेंब घेतला नाही. बारानंतरही फक्त पाणी."

मी तिथेच हमसून रडलो. दीड महिना न आलेलं सगळं तेव्हा आलं. निघताना तिने त्याचा स्मोकोचा पेला वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला. तो आता ऑफिसात माझ्या टेबलावर असतो. तारण म्हणजे काय, ते मला आजही कळलेलं नाही, आणि नवीन काही मानायचं हे वयही नाही. मंगळवार आला, दहा वाजले, की सगळे उठतात, किटली लागते. मी रिकामा पेला समोर घेऊन बसून राहतो. डोकं दुखायला लागतं. बारापर्यंत दुखू देतो.