पुलाच्या अलीकडे

एकतीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेल्या माणसाला रस्त्यात एवढे खड्डे आहेत हे मागच्या सीटवर बसल्यावर कळलं. या सायरनकाकांची समजूत अशी, की आपल्या गाडीत पोटातलं पाणीही हलत नाही. सगळीकडे ते तसं छाती फुगवून सांगत. आज बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर प्रत्येक खड्डा आधी त्यांच्या गुडघ्यांना कळत होता आणि मग तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि ते मनातल्या मनात आपल्या जुन्या पेशंटांची माफी मागत होते.

गाडी मुलगी चालवत होती. काकांची नजर अधू झाल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं, "आता घरी न्या. घरी बरं वाटेल त्यांना." या वाक्याचा अर्थ काकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते ऐकून निघालेली कितीतरी माणसं त्यांनीच घरी पोचवली होती. घर चार तासांवर होतं.

मायलेकींमध्ये तीन वर्षं अबोला होता. भांडता भांडता मुलगी बोलून गेली होती, "तू जन्मभर दारात उभं राहून बाबांची वाट बघितलीस. तुझ्यासारखं जगायचं नाही मला." काकूंनी ते मनाला लावून घेतलं. आता आजारपणाचं कळताच मुलगी धावत आली, चार दिवस आईचे केस विंचरले, पाय दाबले. पण त्या एका वाक्याचा विषय दोघींनीही काढला नाही. निघताना ती काकांना म्हणाली होती, "बाबा, मला तिची माफी मागायची आहे. कसं बोलू तेच सुचत नाही."

काका काय सांगणार? पोरीचं काही चुकलं नव्हतं. काकूंनी वाटच बघितली होती. ही मुलगी झाली त्या दिवशी काका तिघा परक्यांना हॉस्पिटलात पोचवत होते, आणि काकू शेजाऱ्याच्या टेम्पोतून, सिमेंटच्या गोण्यांना टेकून दवाखान्यात गेल्या होत्या. "रुग्णवाहिकावाल्याची बायको मी, माझा थाट काय विचारता!" असं पुढे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सगळे हसत, काकाही हसत. त्या हसण्याची आज त्यांना लाज वाटली. त्यांनी शाल काकूंच्या पायांवर नीट ओढली आणि हळूच म्हणाले, "टेम्पोचं चुकलंच गं माझं." काकूंनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं, तेवढंच.

मोठा पूल थोड्या अंतरावर दिसायला लागला, तेव्हा काकूंनी एक लांब श्वास घेतला. काका पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले. उभ्या संसारात त्यांनी तिची वाट बघण्याची ही पहिलीच वेळ. श्वास आला नाही. त्यांनी मनगट चाचपलं, मग गळ्याशी दोन बोटं धरली. मग हात काढून पुन्हा शालीवर ठेवला.

त्यांच्या कामात एक रीत होती. वाटेत पेशंट गेला, तर मागे बसलेली सिस्टर चालकाला तसं सांगत नसे. "झोप लागलीय, सावकाश घ्या," एवढंच म्हणे. चालकाला सगळं कळायचं, पण शब्द कानावर पडला नाही की हात शाबूत राहतात. पूल अरुंद होता, समोरून ट्रकमागून ट्रक येत होते, आणि पोरगी लहानपणापासून हळवी.

"आई जागी आहे ना?" पुढून प्रश्न आला.

झोपलीय म्हणावं, तर ही काळजीने मागे वळणार. काकांच्या तोंडून निघून गेलं, "जागी आहे. तू पुढे बघ."

"मग आई, तशीच ऐक. तुझ्या तोंडाकडे बघून मला जमायचं नाही." मुलगी रस्त्यावरची नजर न काढता बोलू लागली. "त्या दिवशी मी जे बोलले ना, ते तुला लागावं म्हणूनच बोलले होते. खरं सांगू? रात्री उशीर झाला की माझ्या घरात कोणी दारात नसतं. कुलूप काढताना रोज तू आठवतेस. फोन करायचं धाडस नाही झालं. माफ कर मला."

काकांनी ओठ दाताखाली घट्ट धरला. आता खरं सांगायची सोयच राहिली नव्हती.

"काय म्हणते, बाबा?"

"हसली," काका म्हणाले.

मुलीने बाहीने डोळे पुसले. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस बडबड करतो, तशी ती पुढचा तासभर बोलत राहिली. नवी नोकरी, जिन्यातली मांजर, आईला न्यायचं राहून गेलेलं तिचं छोटं घर. मध्ये मध्ये विचारी, "हो ना गं?" आणि काका म्हणत, "हो म्हणते." खड्डा आला की ते काकूंचं डोकं अलगद उचलून धरत.

दारापाशी गाडी थांबली. मुलीने इंजिन बंद केलं आणि हसतच मागे वळली. काकांच्या चेहऱ्याकडे तिने आधी बघितलं, आईकडे नंतर.

तिने हात लांबवून आईच्या कपाळाला लावला. मग म्हणाली, "कधी?"

काकांनी शाल सारखी केली.

"बाबा, मी बोलत होते तेव्हा..." तिला पुढे विचारवेना.

"होती की," काका म्हणाले. आवाज जराही हलला नाही. "सगळं ऐकलं तिने. पुलाच्या पुष्कळ पुढे गेली, त्या पेट्रोलपंपापाशी."

"नक्की?"

"माझ्या मांडीवर होती ना? मला कळणार नाही?"

मुलगी मागचं दार उघडून आईच्या पायांवर कोसळली आणि धाय मोकलून रडू लागली. "ऐकलं ना तिने? ऐकलं ना?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत प्रत्येक वेळी "ऐकलं" म्हणत होते.

त्यांनाही रडायचं होतं, पण त्याआधी खरं काय ते कोणाला तरी सांगायचं होतं. कामावरून आल्यावर, कपडे न बदलता, असल्या गोष्टी ते ज्या एका माणसाला सांगत, ती त्यांच्या मांडीवर होती.