काकूंचं बोलणं

शाहपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंची जीभ अर्धांगवायूनंतर जड झाली. असं जड बोलणं फोनला कळावं म्हणून फोनच्या कंपनीने वर्षानुवर्षं चालणारं संशोधन सुरू केलं, तेव्हा त्यांनी हौसेने नाव नोंदवलं. रोज सकाळी कंपनीच्या ॲपवरची वाक्यं त्या मोठ्याने वाचत आणि फोनने चुकीचं लिहिलं की टेबलावर बोट आपटून तेच वाक्य पुन्हा वाचत.

काल त्या कठडा धरून भराभर जिना उतरून आल्या आणि माझ्यासमोर फोनमध्ये काहीतरी बोलल्या. लगेच अक्षरं उमटली: "तुला माझं काही कळत नव्हतं, तरी वर्षभर हो हो म्हणत होतीस!"

मी ओशाळले. "काकू, खरंच कळत नव्हतं हो."

त्या खदखदून हसल्या आणि पुन्हा बोलल्या. फोनने लिहिलं: "चहा ठेव. सगळं पहिल्यापासून सांगते."